आयर्लंडची प्राचीन स्थळं आणि समुद्रकडे: आधी तिकीट, मग रस्ता

नकाशावर आयर्लंड छोटा दिसतो. डब्लिन पूर्व किनाऱ्यावर, मोहरचे कडे पश्चिम किनाऱ्यावर आणि मधलं अंतर जेमतेम २७० किलोमीटर. म्हणून बरेच जण डब्लिनमध्येच मुक्काम ठेवतात आणि रोज एक टोक गाठून परत यायचं ठरवतात. गणित चुकतं ते तिथेच. मोहरला जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच. पश्चिमेच्या अरुंद रस्त्यांवर आणि पावसात त्याहून जास्त. दिवस बसमध्ये संपतो, कड्यांवर दीड-दोन तास मिळतात आणि नेमके त्या वेळात ढग उतरले तर काहीच दिसत नाही.

त्यापेक्षा आठ दिवसांचा एक फेरा करावा: डब्लिन, उत्तरेला बॉइन नदीचं खोरं, मधल्या पट्ट्यात क्लॉनमॅकनॉइजचा मठ, मग पश्चिमेकडचे क्लेअर आणि केरी हे परगणे आणि परतीच्या वाटेवर कॅशेलचा खडक. कोणता दिवस कुठे, हे मात्र हॉटेल पाहून ठरवू नये. तीन ठिकाणांची तिकिटं मर्यादित असतात: स्केलिग मायकल हे समुद्रातलं मठाचं बेट, न्यूग्रेंज हे प्राचीन दफनस्थळ आणि डब्लिनचा किल्मेनम तुरुंग. आधी या तिन्हींच्या तारखा हातात घ्याव्यात, मग त्यांच्याभोवती मुक्काम बसवावेत. विमान, गाडी, हॉटेल सगळं ठरवून झाल्यावर तिकिटं शोधायला गेलं की बहुतेक वेळा तिन्ही निसटतात.

व्हिसा आणि गाडी

शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही. आयर्लंड प्रजासत्ताकाचा स्वतंत्र व्हिसा लागतो. बेटाचा ईशान्य भाग, म्हणजे उत्तर आयर्लंड, हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. रस्त्याने जाताना सीमेवर ना नाका लागतो ना फाटक. किलोमीटरच्या पाट्या मैलांच्या होतात आणि युरोच्या जागी पौंड येतो, एवढंच कळतं. तरी भारतीय पासपोर्टवर पलीकडे जायला यूकेची परवानगी कायद्याने लागतेच. आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना वाटतं की आपल्या आयरिश निवासी कार्डावर बेलफास्टला जाता येतं. येत नाही. वाटेत बसमध्ये तपासणी झाली तर अडचण होते.

आई-वडील भारतातून येणार असतील तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना उपयोगी पडते. भारतीय नागरिकांना भारतातून अर्ज करून ती घेता येते. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश फिरता येतात. अट इतकीच, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. ही नोंद नसेल तर व्हिसा एकाच देशापुरता धरावा.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला हात बसवायला वेळ लागत नाही. भारतीय परवान्यावर पर्यटकाला चालवता येतं. पण काही भाडे-कंपन्या आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, म्हणून तो सोबत असावा. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, त्या लवकर राखून ठेवाव्यात. ठेवीची रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर धरली जाते. डेबिट कार्ड पुढे केलं आणि काउंटरवर अडकले, हे नेहमी घडतं. गाडी लहान घ्यावी. केरी आणि क्लेअरमध्ये दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं आणि त्यांच्या आत दडलेली दगडी भिंत असते. समोरून बस आली की डावा आरसा त्या भिंतीला लागतो. मोटरवेवर १२० आणि राष्ट्रीय रस्त्यांवर साधारण १०० ची मर्यादा आहे. गावाकडच्या स्थानिक रस्त्यांवर ती ८० होती, फेब्रुवारी २०२५ पासून ६० झाली. नकाशाचं ॲप जो वेळ दाखवतं त्यात अशा रस्त्यांसाठी चौथाई वेळ वाढवून धरावा.

सरकारी वारसास्थळं तीन-चारपेक्षा जास्त पाहणार असाल तर पहिल्याच ठिकाणी हेरिटेज कार्ड घ्यावं. ते वर्षभर चालतं. न्यूग्रेंज, किल्मेनम, क्लॉनमॅकनॉइज, कॅशेल त्यात येतात. मोहर येत नाही. कार्ड असलं तरी न्यूग्रेंज आणि किल्मेनमची वेळ ऑनलाइन राखावी लागते. तिथे कार्डधारकाचा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा.

डब्लिन: किल्मेनम

१७९६ मध्ये सुरू झालेला हा तुरुंग १९२४ मध्ये बंद झाला. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर ३ ते १२ मे या दहा दिवसांत चौदा जणांना इथल्या दगड फोडायच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतले एक, उठावाचे नेते जेम्स कॉनली जखमी होते, उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून मारलं. त्या आवारात दोन टोकांना दोन साधे क्रूस आहेत. एक तेरा जणांच्या जागी, दुसरा फाटकाजवळ, कॉनलींच्या जागी. दोन्हींमधलं अंतर आपल्या पायांनी चालून पाहावं. जखमी माणसाला आत नेण्याइतकाही वेळ दिला नाही, हे तिथे उभं राहून समजतं.

आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. तिकिटं साधारण चार आठवडे आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात पटापट जातात. न मिळाल्यास ज्या दिवशी जायचं त्या सकाळी नऊनंतर संकेतस्थळ पाहत राहावं. रद्द झालेली तिकिटं तेव्हा येतात.

बॉइनचं खोरं: न्यूग्रेंज

सगळ्या फेऱ्यात एकच ठिकाण निवडायचं झालं तर हे. इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचं हे दफनस्थळ गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं आहे. सुमारे ८५ मीटर व्यासाचा ढिगारा, त्याच्या कडेला ९७ मोठे दगड आणि आत १९ मीटर लांबीची अरुंद वाट. वाटेच्या टोकाला सहा मीटर उंचीचं दालन. छताला ना खांब ना चुना. सपाट दगडांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेला आहे आणि वर एका दगडाने तोंड बंद केलं आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून छताच्या दगडांच्या वरच्या बाजूला पन्हळी कोरल्या आहेत आणि फटींमध्ये भाजलेली माती व समुद्राची वाळू भरली आहे. पाच हजार वर्षांनंतरही आत थेंब पडत नाही. ही रचना नीट बघून ठेवा, कारण पश्चिमेला ती पुन्हा दोनदा भेटते.

दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. आतली वाट चढत जाते, इतकी की दालनाची जमीन या झरोक्याच्या पातळीला येते. त्यामुळे हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचा किरण दारातून नव्हे तर झरोक्यातून आत शिरतो आणि सुमारे १७ मिनिटं दालनात राहतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकल ओकेली यांनी १९६७ च्या डिसेंबरात तो प्रथम पाहिला. त्या सकाळी आत जाण्यासाठी दरवर्षी सोडत निघते, अर्ज सप्टेंबरअखेरपर्यंत घेतात. इतर दिवशी दिवे मालवून विजेच्या झोताने तो किरण दाखवतात, आणि तोही अंगावर काटा आणतो.

आता प्रत्यक्ष कसं जायचं. गाडीच्या नकाशात ‘न्यूग्रेंज’ टाकू नका. तसं केलं तर नदीच्या उत्तरेला थेट ढिगाऱ्यापाशी पोहोचाल आणि आत सोडणार नाहीत. ‘ब्रू ना बोन्या अभ्यागत केंद्र’ टाका. ते नदीच्या दक्षिणेला, डोनोर गावाजवळ आहे. डब्लिनहून साधारण तासाभराचा रस्ता. तिथून पादचारी पुलाने नदी ओलांडून शटल बस पकडायची. तिकिटावर असते ती वेळ फेरीची, म्हणून केंद्रावर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावं. फेरी चुकली की पुढच्या गटात जागा मिळेलच असं नाही.

तिकीट घेताना ‘आतल्या दालनासह’ आहे का ते नीट वाचा. केवळ बाहेरून दाखवणारी फेरीही असते आणि ती स्वस्त दिसते. तारखा महिनाभर आधी खुल्या होतात. नाउथ या दुसऱ्या ढिगाऱ्यासह असलेली फेरी हिवाळ्यात नसते. मिळत असेल तर तीच घ्या, कारण नाउथच्या १२७ कडेच्या दगडांवरचं कोरीवकाम न्यूग्रेंजपेक्षाही भरगच्च आहे. आत वाट इतकी चिंचोळी होते की एका ठिकाणी अंग तिरकं करावं लागतं. कोंडल्या जागेची भीती वाटत असेल तर सर्वांत शेवटी आत शिरा, म्हणजे बाहेर पडताना पुढे राहाल. फोटो आत काढू देत नाहीत.

दर्शनी बाजूची पांढरीशुभ्र गारेची भिंत पाहून ती पाच हजार वर्षं तशीच उभी आहे असं समजू नका. ती १९७० च्या दशकातली पुनर्बांधणी आहे आणि मागे काँक्रीटचा आधार आहे. गार खरीच जुनी, विक्लोच्या डोंगरांकडून आणलेली. ती भिंत म्हणून उभी होती की जमिनीवर पसरलेली, यावर पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही.

तिकीट मिळालंच नाही तर दिवस फुकट जाऊ देऊ नका. आयर्लंडच्या प्राचीन राजांचं ठाणं मानली जाणारी ताराची टेकडी विनाशुल्क आणि सदैव खुली आहे. ड्रोहेडाजवळ मोनॅस्टरबॉइसला साडेपाच मीटर उंचीचा, दहाव्या शतकातला मुरेदाखचा क्रूस उघड्यावर उभा आहे. त्यावर बायबलमधल्या गोष्टी चौकटी-चौकटींत कोरल्या आहेत. ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आकृत्या उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट वाटतं.

पश्चिमेकडे जाताना

पश्चिमेला निघताना ॲथलोनजवळ वाकडी वाट करून क्लॉनमॅकनॉइज पाहावं. सहाव्या शतकात संत किरन यांनी शॅनन नदीकाठी हा मठ वसवला. बाहेर उभे असलेले क्रूस प्रतिकृती आहेत, मूळ क्रूस हवेपासून जपण्यासाठी केंद्राच्या आत ठेवलेत. आधी आतले पाहा, मग बाहेर जा. अशा मठांमधल्या गोल दगडी मनोऱ्यांचं दार जमिनीपासून कितीतरी वर का, हा प्रश्न इथे पडतोच. हल्ल्यापासून बचाव हे नेहमीचं उत्तर. पण मनोऱ्यांचा पाया उथळ असतो आणि तळाशीच भगदाड पाडलं तर मजबुती जाते, हेही तितकंच खरं कारण. आयरिश भाषेतलं त्यांचं नाव ‘घंटेचं घर’ असं आहे.

गाडी नसलेल्यांना हाच अनुभव डब्लिनजवळ ग्लेंडालॉकला मिळतो. सेंट केव्हिन बस थेट तिथे जाते. तिथला सुमारे ३० मीटरचा मनोरा, दोन तळी आणि वरच्या तळ्याच्या कड्यावरून जाणारी स्पिंकची वाट यांना अख्खा दिवस द्यावा. ही वाट ९-१० किलोमीटर, साडेतीन-चार तासांची आहे. पूलनास धबधब्याकडून चढून खाणकामगारांच्या पडक्या वस्तीकडे उतरा. लाकडी पायऱ्या ओल्या असताना उतरणं चढण्याहून अवघड. परतीची बस मात्र आधी पाहून ठेवा, फेऱ्या अगदी मोजक्या आहेत.

मोहरचे कडे

कडे पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत काळे दिसतात. दुपारनंतर ऊन समोरून पडतं आणि वाळूखडक व शेलचे थर वेगवेगळे उठतात. दौऱ्याच्या बस साधारण अकरा ते चार गर्दी करतात. म्हणून डूलिन किंवा लिसकॅनरला मुक्काम करून चारनंतर जावं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो आणि त्या वेळचं ऑनलाइन तिकीटही सहसा स्वस्त पडतं. गाडी उभी करण्याचे पैसे तिकिटातच येतात. गॅलवेहून गाडीशिवाय यायचं तर ३५० क्रमांकाची बस आहे.

सर्वांत उंच जागा २१४ मीटर, १८३५ मध्ये बांधलेल्या ओब्रायन मनोऱ्याजवळ. एप्रिलअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत मनोऱ्याखालच्या गवताळ सुळक्यावर पफिन पक्षी दिसतात; दुर्बीण नसेल तर ते पांढरे ठिपकेच राहतात.

कठड्याच्या पलीकडे जाऊ नका. वरून भक्कम दिसणाऱ्या गवताखालचा खडक लाटांनी पोखरलेला असतो आणि वारा सरळ न येता झटक्यांनी येतो. मुख्य आवाराबाहेरच्या किनारी वाटेचे काही भाग अपघातांनंतर २०२४ मध्ये बंद केले गेले. निघण्याआधी कोणता टप्पा खुला आहे ते पाहा. छत्री पहिल्याच झोतात उलटते, टोपीचं जलरोधक जॅकेट हवं. धुकं असेल तर लगेच परत फिरू नका, तासभर आत प्रदर्शन पाहत थांबा. समुद्रावरचा ढग बऱ्याचदा तेवढ्यात सरकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डूलिनच्या धक्क्यावरून बोटीने खालून कडे पाहिले तर उंची खऱ्या अर्थाने समजते.

तिथून जवळच बरनचा चुनखडीचा प्रदेश आणि पूलनाब्रोनची दगडी समाधी आहे. बघायला विनाशुल्क, अर्धा तास पुरे. चुनखडीच्या भेगांत पाय मुरगळतो, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट घाला.

केरीकडे जाताना लिमरिकचा वळसा घेऊ नका. किलिमरहून टारबर्टला गाड्या नेणारी बोट जाते, शॅनन ओलांडायला वीसएक मिनिटं लागतात.

केरी आणि स्केलिग मायकल

पोर्टमगीपासून सुमारे १२ किलोमीटर आत समुद्रातून २१८ मीटर वर आलेला हा खडक. सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान इथे साधू येऊन राहिले. ६१८ पायऱ्या चढून वर गेलं की मधाच्या पोळ्यासारख्या घुमटी झोपड्या लागतात: चुना नाही, तुळई नाही, थर आत सरकवत नेलेला. न्यूग्रेंजचीच युक्ती. आत कोरडं असतं, बाहेर अटलांटिकचा वारा.

बेटावर उतरण्याचा हंगाम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. दिवसाला १८० माणसांनाच मुभा आहे, परवानाधारक बोटी प्रत्येकी बाराजण नेतात. नोंदणी बोटवाल्यांकडेच, वसंताच्या सुरुवातीला किंवा त्याही आधी खुली होते. खर्च माणशी शंभर युरोंहून जास्त. ‘लँडिंग टूर’ आणि ‘इको टूर’ यांत घोटाळा करू नका. दुसरी बेटाभोवती फिरवून आणते, उतरवत नाही.

तिकीट असूनही लाटा मोठ्या असल्या तर बोट सुटत नाही. ऊन पडलंय आणि तरी फेरी रद्द, असं होतं, कारण दूरच्या वादळाची लाट धक्क्यावर आपटत असते. म्हणून पोर्टमगी, व्हॅलेन्शिया किंवा काहरसिव्हीनला दोन रात्री ठेवा आणि तिकीट पहिल्या सकाळचं घ्या. रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी जागा मिळण्याची थोडी तरी आशा राहते. किलार्नीहून त्याच सकाळी निघणं धोक्याचं, दीड तासाचा वळणांचा रस्ता आहे.

बोट लागते अशांनी गोळी बोटीत बसल्यावर नाही, तासभर आधी घ्यावी. बेटावर शौचालय, पिण्याचं पाणी, आडोसा यांपैकी काहीही नाही. धक्क्यावरचं शौचालय वापरूनच बोटीत बसा. पाठीवरची पिशवी लहान असावी, कारण बोटीतून उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. पायऱ्यांना कठडा नाही, उंची एकसारखी नाही, ओल्या झाल्या की घसरतात. २००९ मध्ये दोन पर्यटक इथे पडून दगावले. चढताना दम लागला तर पायरीवर बसा, कडेला उभं राहून मागे वळू नका. उतरताना फोटो काढत चालू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलं सोबत असणाऱ्यांनी इको टूर घ्यावी. शेजारच्या छोट्या स्केलिगवर गॅनेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. ती बोटीतूनच पाहायची असते, तिथे कुणालाच उतरवत नाहीत.

फेरी हुकली तर डिंगल द्वीपकल्पावरचं गॅलारसचं प्रार्थनागृह गाठा. उलट्या ठेवलेल्या होडीच्या आकाराचं, आणि तीच चुन्याविना रचना. दगड किंचित बाहेर उतरते ठेवलेत, म्हणून पाणी आत येत नाही. स्ली हेडचा अरुंद रस्ता घड्याळाच्या दिशेने फिरा, मोठ्या बसही तशाच जातात आणि समोरासमोर अडकायला होत नाही. केरीच्या १७९ किलोमीटरच्या वर्तुळावर बस घड्याळाच्या उलट जातात. तिथे आठच्या आत निघालात तर त्यांच्या पुढे राहाल. डिंगलच्या पश्चिमेला पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. ‘गेल शली’ म्हणजे थांबून समोरच्याला वाट द्या.

जेवणाचं एक लक्षात ठेवा. गावच्या पबमधलं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, पब उघडा असला तरी. शाकाहारींनी सूप मागवताना ते मांसाच्या रश्शात केलंय का ते विचारावं, यादीत तसं लिहिलेलं नसतं.

परतीच्या वाटेवर कॅशेल

किलार्नीहून दोन-अडीच तासांत टिपरेरीच्या सपाटीतून वर आलेला कॅशेलचा खडक दिसतो. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताच्या राजांचं हे ठाणं. ११३४ मध्ये पवित्र केलेलं कॉरमॅकचं चॅपेल हा इथला गाभा. त्याचा वाळूखडक शतकानुशतकं पाणी शोषत राहिला. दगड सुकवायला अनेक वर्षं त्यावर आच्छादन उभारावं लागलं. भित्तिचित्रं जपण्यासाठी आतली आर्द्रता अजून मोजली जाते, म्हणून चॅपेलमध्ये छोट्या गटांनाच सोडतात. त्याचं वेगळं तिकीट आहे. दारात शिरताक्षणी तेच आधी मागा, नाहीतर दुपारपर्यंत संपतं. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या पाऊण तास आधी असतो.

खडकाचा पूर्ण देखावा वर जाऊन दिसत नाही. पायवाटेने खाली शेतातल्या होअर ॲबी या जुन्या मठाच्या अवशेषांत उतरा, पडक्या कमानींतून सगळा गड समोर येतो. संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून पडतं तेव्हा त्यासारखी जागा नाही.

कॅशेलहून विमानतळाला साधारण दोन तास. त्या रस्त्यावर डब्लिनभोवतीच्या एम ५० या मोटरवेवर टोल आहे, पण तिथे नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन किंवा दुकानात पैसे भरायचे असतात. भाडे-कंपनी परस्पर भरते का आणि त्याचं शुल्क किती, ते गाडी घेतानाच विचारून ठेवा. नसेल भरत तर विमानात बसण्याआधी तुम्हीच भरा.